उजवा खांदा, डावा खांदा

तीर्थस्वरूप वन्संना,

तुमच्या वहिनीचा वाकून नमस्कार. वाकले तरी घेरी आली नाही, हे आधीच कळवते, म्हणजे पुढचं तुम्ही जरा शांतपणे वाचाल. तुमचा गुडघा कसा आहे? गरम पाण्याची पिशवी शेकायला घेता की नुसती उशाशी ठेवून तिच्याकडे बघता? भाचेबुवांचा खोकला आतापर्यंत गेला असेल. माझी भूक बरी आहे, झोप बरी आहे, वजन डॉक्टरीणबाईंना हवं होतं त्याच्या थोडं पुढेच गेलंय. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून. पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही. (तुम्ही बोलालच, पण मला ऐकू येणार नाही.)

मोटरसायकलबद्दल तुम्ही जे म्हणालात ते सगळं मला पटलंय. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, गाडी तेव्हापासून बोळात झाकून उभी आहे, त्यात माझं हे आजारपण, उद्या कुठे आपटले तर बघायला कोण, आणि भाचेबुवांच्या एका मित्राला ती हवीच आहे, तर महिनाअखेरच्या रविवारी त्यांनी येऊन घेऊन जावी. यात नाव ठेवायला जागा नाही. मी तरी हं, हं करत राहिले, तेव्हा तुम्ही चिडून म्हणालात, ‘‘एकटी चालवत माझ्या दारापर्यंत येऊन दाखव, मग खुशाल ठेव.’’ तुम्ही रागाच्या भरात बोललात हे मला कळत होतं. पण मी ती अटच धरली. वन्सं, जिंकलात तुम्ही, हे आताच सांगून टाकते. फक्त कशा जिंकलात ते ऐकून घ्या. तेवढा माझा हक्क आहे.

आजारपणापासून सांगते. कानाच्या आत तोल सांभाळणारी एक नस असते म्हणे, तिला सूज आली. पन्नाशी उलटेपर्यंत ही नस माझ्याकडे आहे हेच मला ठाऊक नव्हतं, आणि तिने मात्र एवढी वर्षं मला निमूटपणे उभं ठेवलं होतं. ती रुसली तशी खोली हलायला लागली. पलंग होडीसारखा डुलायचा, छत हळूहळू डावीकडे निघायचं, खिडकी त्याच्या मागोमाग. डोळे मिटले की मीच निघायचे. पहिले काही दिवस घाबरले, मग सवय झाली. खरं सांगू का, थोडंसं आवडायलाही लागलं. ह्यांच्यामागे मी बाजार आणि वाचनालय सोडून कुठे गेले नव्हते. आता पडल्या पडल्या घरच प्रवासाला निघत होतं. डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तर त्यांनी एक गोळी वाढवली.

मग व्यायाम आले. भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघत मान हलवायची, एका पायावर उभं राहायचं, सरळ रेषेत चालायचं. हे सगळं जमायला लागलं तेव्हा बाई म्हणाल्या, आता नेहमीची कामं सुरू करा. मी वाचनालयातली फाटकी पुस्तकं घरी आणून परत दुरुस्त करायला घेतली. (तुम्ही दरवेळी विचारता म्हणून सांगते, कामाचा त्रास होत नाही. खळ लावायची, पाठीला कापडी पट्टी डकवायची, वजनाखाली ठेवायचं. त्रास पुस्तकं देतात. माझ्याकडे येणाऱ्या पुस्तकांची शेवटची पानं हमखास गेलेली असतात. शाळा मी चौथीतच सोडली, पुढचं वाचन दुकानांच्या पाट्यांवर आणि या फाटक्या पुस्तकांवर झालं. त्यामुळे किती तरी लोक माझ्यापुरते अजून जहाजावरच आहेत, किनाऱ्याला लागलेलेच नाहीत.) नेहमीच्या कामांत मोटरसायकल येते का, हे मी बाईंना विचारलं नाही. त्या नाही म्हणाल्या असत्या तर ऐकावं लागलं असतं.

एका दुपारी बोळात जाऊन गाडीवरचं कापड काढलं. डबल स्टँडवर ती सरळ उभी होती, टाकीवर धुळीचा थर आणि सीटच्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. धूळ पुसली आणि वर बसले. बसल्यावर उतरावंसं वाटेना. स्टँडवरची गाडी हलत नाही, पडत नाही, समोर बोळाच्या तोंडाशी उजेडाची चौकट दिसते. दुसऱ्या दिवशी जाताना दुरुस्तीचं पुस्तकच घेऊन गेले. वाळवंटातून उंटावरून जाणाऱ्या एका माणसाचं होतं ते. हँडलवर पुस्तक टेकवलं आणि वाचायला लागले. वाचता वाचता वारा लागायचा. वारा खरं तर पलीकडच्या गिरणीच्या पंख्याचा होता, पण लागायचा. मग रोज दुपारी तेच. वरच्या मजल्यावरचे घड्याळदुरुस्तीवाले जिना उतरताना थांबायचे आणि अगदी गंभीरपणे विचारायचे, आज कुठवर आलात? मी म्हणायची, आज विहीर लागली, किंवा, आज उंट अडून बसलाय. ते घड्याळ बघून म्हणायचे, मग उशीर होणार, आणि कामाला जायचे. गृहस्थ चांगले आहेत. एकदा मात्र म्हणाले, ‘‘वहिनी, एकदा स्टँड काढून बघा. उंटालासुद्धा जमिनीवर पाय टेकावेच लागतात.’’

तेवढ्यात तुमचा फोन आला आणि स्टँड काढणं भाग पडलं. मिस्त्रीला बोलावून गाडी आधी चालती करून घेतली.

आता आमच्या गाडीची रीत तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते, कारण पुढची सगळी गंमत तिच्यातच आहे. ह्यांच्या डाव्या हाताची बोटं पुरती मिटत नसत. (लहानपणी तुम्ही दोघं झाडावरून पडलात तेव्हाचं ते. आधी हे पडले आणि तुम्ही वर पडलात, की उलट, हा वाद मी आजही मिटवणार नाही.) बोटं मिटत नाहीत म्हणजे क्लच दाबता येत नाही. म्हणून लग्न झाल्यावर ह्यांनी गाडी मला शिकवली आणि स्वतः मागे बसले. नकाशे काढायच्या कचेरीत जन्म गेला त्यांचा, गल्लीबोळ तोंडपाठ. मला रस्त्यातलं ओ की ठो कळत नसे. पण गाडीच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आमचं ठरलं होतं. उजव्या खांद्यावर बोट टेकलं की उजवीकडे वळायचं. डाव्या खांद्यावर टेकलं की डावीकडे. पाठीवर थाप म्हणजे हळू. एवढ्यावर आमचा सगळा संसार फिरला. भांडण झालं असलं तर टेकणं जरा जोरात यायचं, पण दिशा कधी चुकली नाही. मी समोर बघायची, गिअर बदलायची, आणि मनात दुसरंच काही तरी चालू असायचं. आज भाजी कुठली, कालच्या पुस्तकातल्या त्या बाईने घर सोडलं ते बरं केलं की वाईट. पोहोचलो की उतरायची.

तर मी आमच्या गल्लीच्या टोकाला मोटार शिकवणाऱ्या बाई आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांना म्हटलं, मला येतं सगळं, फक्त धीर गेलाय, मागे कुणी तरी बसा. त्या म्हणाल्या, दोन चाकं म्हणजे अर्धी मोटार, त्यात काय आहे. बाईंनी आख्खं आयुष्य शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून काढलंय. त्यांच्या मोटारीत त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. शिकणारा चुकला की तोंडाने काही बोलायचं नाही, ब्रेक दाबायचा, ही त्यांची पद्धत. माझ्या मागे बसल्यावर तो ब्रेक त्यांना सापडेना. जुन्या कारखान्यामागच्या मोकळ्या मैदानात मी गाडी सोडली, पहिला टाकला, दुसरा टाकला. वन्सं, काय सांगू, कानातली नस अगदी शहाण्यासारखी वागली. गाडी सरळ, मी सरळ, आभाळ जागच्या जागी. तेवढ्यात मला जाणवलं, मागे बाईंचा पाय हवेत ब्रेक शोधतोय. तो मिळेना तशी त्यांनी घाबरून माझा उजवा खांदा घट्ट धरला.

मी उजवीकडे वळले. मी वळले असंही नाही, खांदा वळला. बाईंना वाटलं मी भरकटले, त्यांनी आणखी घट्ट धरलं. मला वाटलं, आणखी उजवीकडे. त्या जितक्या धरतील तितकी मी वळत जाई, आणि मी जितकी वळेन तितक्या त्या धरत जात. मैदानात आम्ही गोल गोल फिरायला लागलो. सावकाश, एकाच वेगात, जत्रेतल्या पाळण्यासारख्या. कारखान्याची चिमणी यायची, जायची, परत यायची. बाई काही बोलत नव्हत्या, कारण बोलायची त्यांची पद्धत नव्हती. मी काही बोलत नव्हते, कारण मला काही चुकतंय असं वाटतच नव्हतं. फार दिवसांनी कुणी तरी मला कुठे तरी नेत होतं. वर्तुळ मात्र दरखेपेला थोडं थोडं सरकत होतं, आणि मैदानाच्या कडेला लाँड्रीवाल्यांनी दवाखान्याच्या चादरी वाळत घातल्या होत्या.

आम्ही चादरींत शिरलो. पहिली तोंडावर आली, मग दुसरी, मग सगळीकडे नुसतं ओलं, पांढरं आणि उन्हाने उजळलेलं. पुढे नाही, मागे नाही, साबणाचा वास, आणि उजव्या खांद्यावर हात. तेवढ्या वेळापुरती मी सगळं विसरले, वन्सं. मला वाटलं, हेच आहेत. मी मोठ्याने विचारलं, ‘‘अहो, आता कुठे वळू?’’

मागून बाईंचा आवाज आला, ‘‘मला काय विचारता? गाडी तुमच्या हातात आहे.’’

मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, बंद पडली. एक चादर आम्हा दोघींवर होती. बाईंनी हात काढला. काढला तेव्हा मला रडू आलं, आणि त्या बिचाऱ्यांना वाटलं मी घाबरले, म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. (हळू जा, असं माझ्या मनात आलं. बंद गाडीवर.) लाँड्रीवाल्यांनी चादर उचलून आमच्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडात दोरीचा चिमटा होता. तो काढून ते एवढंच म्हणाले, निदान चाकं तरी पुसून यायचं.

डाग पडलेल्या चादरी मी घरी आणून धुऊन दिल्या. बाई म्हणाल्या, तुम्हाला गाडी येते, माझं काम नाही, मागे बसवायचं तर दुसरं कुणी बघा. जाता जाता म्हणाल्या, ‘‘मी वीस वर्षं लोकांना शिकवतेय. दुसऱ्याच्या पायाशी ब्रेक असला की माणूस शिकतच नाही. तुमचं तसंच झालंय.’’ मी घरी येऊन त्यावर पुष्कळ विचार केला. विचार करून राग आला, आणि राग आल्यावर ते खरं असावं असं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून एकटी जायला लागले. सकाळी रहदारी सुरू व्हायच्या आत. किक मारली की दुसऱ्या खेपेला गाडी उठायची, बोळातून रस्त्यावर, तिथून नाकासमोर. सकाळी रस्ता नुकताच धुतल्यासारखा दिसतो, दुकानांच्या फळ्या मिटलेल्या, एखाद्या खिडकीत कुणी तरी दात घासत उभं. मागे वजन नसल्याने गाडी हलकी लागत होती, तिच्या चालीत उडी आल्यासारखी. भीती म्हणून वाटली नाही. पण सरळ रस्ता जिथे संपतो तिथे दोन फाटे आहेत, तिथे आले आणि थांबले. थांबून वाट बघत बसले. कसली, ते मला थोड्या वेळाने कळलं. दोन्ही खांदे नुसते जागे होते, आणि दोन्हींवर काही नव्हतं.

तुमच्या घरी मी किती वर्षं आले, वन्सं. पण त्या फाट्यावरून कुठे वळायचं ते मला माहीत नाही. खोटं वाटेल, पण नाही माहीत. माझ्या खांद्यांना माहीत होतं. घरी येऊन ह्यांनी काढलेला मोठा नकाशा जमिनीवर पसरला. नावं सगळी वाचता आली. नकाशा वाचता येईना. नदी कुठल्या हाताला धरायची हेच कळेना, मी त्याच्याभोवती चारी बाजूंनी फिरले, शेवटी त्यावरच आडवी झाले आणि डोळा लागला. स्वप्नात ह्यांना म्हटलं, फाट्यावर डावीकडे की उजवीकडे तेवढं सांगा. हे पेन्सिलीला टोक करत बसले होते. वर न बघता म्हणाले, तू चालव, मी बघतोय. आणि टोकच करत राहिले.

मग रोज तेच झालं. फाट्यापर्यंत जायचं, उतरायचं, गाडी हाताने उलटी वळवायची, घरी यायचं. तिथल्या वाहतूक पोलिसाला आधी वाटलं मी त्याच्यावर लक्ष ठेवायला येते. तो टोपी नीट करून उभा राहायचा. शेवटी न राहवून त्याने विचारलं की मावशी, जायचंय कुठे. म्हटलं, नणंदेकडे. तो म्हणाला, डावीकडे दवाखाना, उजवीकडे बाजार, नणंद यांतल्या कशापाशी राहते? मी म्हटलं, पोहोचलं की असते. त्याने माझ्याबरोबर गाडी वळवायला हात लावला. तेव्हापासून रोज लावतो. काल म्हणाला, आज उशीर केलात.

तर असं आहे. तोल आला, हात बसला, धीरही आला असं म्हणायला हरकत नाही, पण सरळ रेषेत येऊन तुमच्या दाराला गाडी लागत नाही. अट तुम्ही जिंकलात. तुम्ही भावासाठी रडलात तेव्हा मी जवळ होते, आणि आता माझ्यासाठी रडायची वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून तुम्ही हे सांगता, ते मला समजतं. रविवारी भाचेबुवांना पाठवा. गाडी पुसून, हवा भरून ठेवते. त्यांच्या मित्राला सांगा, चोक ओढून मग किक मारायची, आणि तिसऱ्या गिअरमध्ये ती थोडी कुरकुरते ती सवय आहे, दुखणं नाही.

गुडघ्याला जपा. जिना उतरताना कठडा धरा. मोठ्यांना नमस्कार, लहानांचे गाल माझ्या वतीने ओढा.

तुमची,
वहिनी

ता. क. काम असं काही नाही, पण उत्तर पाठवाल तेव्हा तुमच्या घरी यायचा रस्ता सावकाश लिहून पाठवा. रस्त्यांची नावं नकोत. कुठे झाड आहे, कुठे चढ लागतो, कुठे वास येतो, असं लिहा. सहज विचारतेय.

ता. क. वरचं लिहून रात्रभर पत्र उशाशी ठेवलं. रविवारी भाचेबुवांना एवढ्या लांब दगदग कशाला? खोकला नुकताच गेलाय. पुढच्या महिन्यात बघू.

ता. क. हे पेन्सिलीने लिहितेय, समजून घ्या. पत्र पेटीत टाकायला सकाळी गाडीवरूनच निघाले. टपालाची पेटी फाट्याच्या अलीकडे आहे. तिच्यापाशी थांबायचं माझ्या लक्षात राहिलं नाही, आणि फाट्यावर पोलीस गाडी वळवायला पुढे आला तो मी त्याच्या शेजारून वळून गेले. कुठल्या बाजूला ते विचारू नका. त्याने सलाम ठोकला एवढं आरशात दिसलं. पुढे आणखी फाटे लागले. त्यांना मी कुणाची वाट बघत थांबले नाही, जिकडे सावली बरी वाटली तिकडे वळले. आता एका तळ्याच्या काठी बसलेय. पाणी इतकं निवांत आहे की त्यात आभाळ उलटं आहे हेही उशिरा लक्षात येतं. हे तुमचं दार नव्हे, ते मान्य, पण तुमच्या दारापेक्षा लांब आहे एवढं नक्की, तेव्हा भाचेबुवांना पुढच्या महिन्यातही पाठवू नका.

समोर एक लहानसं टपाल कचेरीचं घर आहे, पत्र तिथेच टाकतेय. हे गाव कुठलं ते कुणालाही विचारलं तर सांगतील, पण कळलं की परत कसं जायचं तेही कळेल, आणि मला अजून थोडं बसायचंय. संध्याकाळच्या आत विचारीन, काळजी करू नका. पाकिटावर इथला शिक्का उमटेल. तो नीट लागला असला तर चष्मा लावून वाचा, आणि मी कुठे आले होते ते मला फोनवर कळवा. ह्यांनी मला इथे कधी आणलं नव्हतं, खात्रीने सांगते. दोन्ही खांद्यांना विचारून पाहिलं, त्यांना काहीच आठवत नाही.